ब्यार्नेसच्या फेरीबोटीचा प्रश्न आणि आमच्या सबाचा रिश्ता

हिद्द, बहरीन
शुक्रवार, जुम्म्याची नमाज आणि जेवण आटोपून

आदरणीय झुबेरमामूंना भाचा ताहिर याचा अदबीनं सलाम. मामींना सलाम, आणि त्यांच्या शेळ्यांचीही खुशाली कळवावी. इथे आम्ही तिघं अल्लाच्या मेहेरबानीनं ठीक आहोत. आतिकाला थोडा खोकला आहे, पण बोलण्यात त्याचा अडथळा येत नाही. तुमच्या गुडघ्याचं काय? मी पाठवलेला पट्टा बांधता की नाही? मामी म्हणत होत्या की तो तुम्ही विहिरीवरच्या पंपाच्या पाइपाला गुंडाळलाय. पाइप गळायचा थांबला असेल तर तसं कळवा, म्हणजे गुडघ्यासाठी दुसरा पाठवतो.

फोन सोडून कागद का हाती घेतला, ते आधी सांगतो. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. (राग मानू नका, बावीस वर्षं सरपंचकी केलेल्या माणसाला समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय कुठून असणार?) शिवाय तुम्ही स्पीकर लावून बोलता, आणि ओटीवर निम्मी आळी बसलेली असते. फराज उद्याच्या विमानानं सुट्टीवर गावाला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. शांतपणे, एकट्यानं वाचा.

विषय सबाच्या रिश्त्याचा आहे. तुम्ही मोठ्या मनानं पेवेकरांच्या मुलाचं स्थळ सुचवलंत, त्याबद्दल तुमचे उपकार आहेत. पण मामू, मी नकार दिला आहे. तो शेवटचा आहे आणि त्यात बदल होणार नाही. आता नकार का दिला हे कळायला तुम्हाला नॉर्वे देशाचा भूगोल, इतिहास आणि स्थानिक कारभार थोडा समजून घ्यावा लागेल. घाबरू नका, मला सगळा पाठ आहे.

तुम्ही फोनवर सांगितलं होतं की मुलाचं नाव वकार, वडील इलियास पेवेकर पूर्वी जहाजावर होते, ओस्लोला उतरले ते तिथेच राहिले, आणि मुलगा 'ब्यार्नेस' नावाच्या गावी नगरपालिकेत पाण्याच्या खात्यात इंजिनिअर आहे. ऐकणारा दुसरा बाप असता तर पगार विचारून मोकळा झाला असता. मी तसा नाही. मुलगी ज्या गावात द्यायची ते गाव आधी बघावं, विहिरीला पाणी किती, रस्ता पावसाळ्यात राहतो की वाहून जातो, कारभारी कसे आहेत, हे बघावं, असं आमच्या आईला तुम्हीच बजावलं होतं. नॉर्वेला जाऊन बघणं काही शक्य नव्हतं. म्हणून मी जहाजदुरुस्तीच्या यार्डातून आलो की चहा घेऊन फोन उघडायचो आणि ब्यार्नेस नगरपालिकेची वेबसाइट वाचायचो. ती नॉर्वेच्या भाषेत आहे, पण फोन तिचं मराठी करून देतो. फोनचं मराठी आपल्या तलाठ्याच्या मराठीइतकंच कळतं, म्हणजे तीनदा वाचावं लागतं. नगरपालिकेला तिकडे 'कोमून' म्हणतात. तिच्या अध्यक्षाच्या हुद्द्याचं भाषांतर फोन 'शब्दांचा ड्रायव्हर' असं करतो. मला ते फार आवडलं. तुम्हीसुद्धा इतकी वर्षं दुसरं काय केलंत?

तर भूगोल. ब्यार्नेस हे उत्तरेकडे समुद्रात पसरलेलं बेटांचं गाव. 'नेस' म्हणजे पाण्यात घुसलेलं जमिनीचं नाक. डोंगर सरळ समुद्रात उतरतात, घरं लाल रंगाची, आणि किनाऱ्याला लाकडी मांडवांवर मासे सुकत घातलेले. (आपले बोंबील वाळत घालतात तसेच, फक्त एकेक मासा तुमच्या हाताएवढा.) सगळ्या बेटांवर मिळून माणसं किती? आमच्या यार्डात एका शिफ्टला असतात त्याहून कमी. त्यात शाळा, दवाखाना, म्हाताऱ्या माणसांचं घर, पोहण्याचा हॉल, वाचनालय, आणि बर्फ काढायची दोन मशिनं. हिवाळ्यात काही आठवडे सूर्य उगवत नाही आणि उन्हाळ्यात काही आठवडे मावळत नाही. हे ऐकल्यावर आतिकानं हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि विचारलं, "मग मगरिब कधी पढायची?" मी मौलवीसाहेबांना विचारून आलो. त्यांनी तोडगा सांगितला की अशा ठिकाणी मक्केच्या वेळा धराव्यात. पण आतिकाचं समाधान होईना. खिडकीत टळटळीत ऊन असताना रोजा सोडायला हात कसा पुढे होईल, असं तिचं म्हणणं. तेव्हा सबा आतून म्हणाली, "अब्बा, वकारच्या गावात सूर्य मावळतो." मी तिला सांगितलं, तू अजून लहान आहेस, मी वाचलंय. (ती सत्तावीस वर्षांची आहे, फिजिओथेरपिस्ट आहे, आणि मनामाच्या क्लिनिकमध्ये चांगल्या चांगल्या माणसांच्या माना सरळ करते. पण बापासमोर लहानच.)

इतिहास थोडक्यात सांगतो. पूर्वी तिथले लोक लांबट होड्या घेऊन दूरदूर लुटालूट करायला जात. मग सुधारले. मग काळी साथ आली आणि निम्म्या वाड्या ओस पडल्या. मग कित्येक शतकं डेन्मार्कच्या राजाची सत्ता होती. आणि मग १८३७ साली कायदा झाला की प्रत्येक गावानं आपला कारभार आपण करायचा. अठराशे सदतीस, मामू! तेव्हा आपल्याकडे कंपनी सरकार होतं आणि आपल्या गावात कोणी कोणाला विचारत नव्हतं. पुढे साठ-सत्तर वर्षांपूर्वी सरकारनं खर्च वाचवायला शेजारशेजारची गावं एकत्र बांधली. बाहेरच्या बेटावरची कोमून मधल्या बेटाला जोडली, त्याचा राग अजून गेलेला नाही. सभेत कसलाही विषय निघो, बाहेरच्या बेटाचा एक टोपीवाला म्हातारा उठतो आणि गाडी तिथेच नेतो. आपला आळीचा वाद आठवला ना?

सभेत, असं मी लिहिलं, कारण सभा मी बघतो. ब्यार्नेसच्या कोमूनची सभा इंटरनेटवर दाखवतात, कोणीही बघावी. भाषा मला कळत नाही, पण तुमच्या ग्रामसभा ऐकून मी मोठा झालोय, त्यामुळे समजतं सगळं. जो बोलताना कागदाकडे बघतो त्याला अधिकाऱ्यानं शिकवलेलं असतं. जो पाणी पीत पीत बोलतो त्याचं स्वतःचं काहीतरी गुंतलेलं असतं. आणि जो ठराव मांडताना हसतो तो हरणार असतो. मी बघायला लागलो तेव्हा तिथे मोठा वाद पेटला होता, तो फेरीबोटीचा. बाहेरच्या बेटाला जाणारी संध्याकाळची शेवटची फेरी बंद करायची, प्रवासी कमी, खर्च जास्त, असा प्रस्ताव होता. विरोधात एकटी एक बाई उभी होती, हिरव्या स्वेटरातली. (तिचं नाव मला उच्चारता येत नाही. ते उच्चारताना माझा दाताचा सेट हलतो.) ती काय म्हणत होती ते मला शब्द न् शब्द समजलं, कारण आपल्या खाडीवरची तरीची होडी बंद झाली तेव्हा तुम्ही जिल्हा परिषदेत तेच बोलला होतात. मी तेव्हा आठवीत होतो. होडी बंद झाली आणि पलीकडची शाळा दिसत असूनही डोंगराला वळसा घालून जावं लागलं. पोरं गळाली. मला चुलत्यांच्या घरी ठेवलं म्हणून मी दहावी झालो.

म्हणून मी ब्यार्नेसच्या कोमूनला ईमेल पाठवली. मराठीत लिहिली, फोननं तिची नॉर्वेची भाषा केली. लिहिलं की मी बहरीनमध्ये राहणारा एक माणूस आहे, आपल्या फेरीबोटीशी माझा थेट संबंध नाही, परंतु शेवटची फेरी बंद केली की बेट बंद होतं, हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'आपल्या सूचनेबद्दल आभार, ती सभासदांना दिली जाईल,' आणि खाली प्रकरणाचा क्रमांक. आणि ऐका, त्यांच्याकडे कोमूनला आलेलं पत्र न् पत्र सगळ्यांना वाचता येईल असं इंटरनेटवर लावतात. तिथे माझं नाव आहे! 'ताहिर मुकादम, बहरीन, फेरीबोटीविषयी.' त्याच्या वर एका माणसाची कुत्र्याच्या पट्ट्याविषयी तक्रार आणि खाली शाळेच्या छपराचं टेंडर. मी त्याचा फोटो काढून यार्डातल्या सगळ्यांना दाखवला. फोरमन उबेद म्हणाला, "भाई, इधर कॅन्टीन की चाय के बारे में भी कुछ लिखो." त्याला मोठा विचार समजत नाही.

एवढी तयारी झाल्यावर पेवेकर मंडळी आली. ओस्लोहून गावच्या लग्नाला जाताना वाटेत आठवडाभर इथे थांबायचं, मुलगा-मुलगी भेटतील, असं ठरलं होतं. झल्लाकला समुद्रकाठच्या हॉटेलात उतरली. आम्ही शुक्रवारी दुपारचं जेवण घेऊन तिथे गेलो, कारण हमीदाबाई (मुलाची आई) फोनवर म्हणाल्या होत्या की हॉटेलचं खाऊन जीभ मेली. आतिकानं सुरमई तळून घेतली, कोळंबीचा पुलाव केला, तांदळाच्या भाकऱ्या, आणि गोडाला सांदणं. किनाऱ्यावर छत्रीखाली चटया घातल्या. इलियाससाहेब उंच, देखणे, केस मागे फिरवलेले. आपण नॉर्वेत आहोत याचा त्यांना फार आनंद आहे, तो ते दर दोन वाक्यांनी व्यक्त करतात. हमीदाबाई साध्या. आणि वकार. मुलगा सावळा, शांत, चष्मेवाला. त्याचं मराठी ऐकून मी चकित झालो. आईनं शिकवलेलं, त्यामुळे अगदी आपल्या गावच्या जुन्या माणसांचं. 'मेजवान' म्हणतो, 'वाईच' म्हणतो. आमची सबा इथे शिकली, ती मराठीला इंग्रजीत उत्तर देते. त्यामुळे तो मराठीत विचारत होता आणि ही इंग्रजीत सांगत होती, आणि दोघं मधेच हसत होते. मला तेव्हा बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

जेवण झालं. मी हात धुतले, पाय पोटाशी घेऊन बसलो आणि वकारला म्हटलं, "तर मग, संध्याकाळच्या फेरीचं काय करणार तुमचे लोक?"

"कुठली फेरी, चाचा?" तो म्हणाला.

मला वाटलं, सरकारी नोकर आहे, बाहेर बोलायची बंदी असेल. मी मान डोलावली आणि इलियाससाहेबांकडे वळलो. फेरीचा प्रश्न मांडला, टोपीवाला म्हातारा सांगितला, हिरव्या स्वेटरच्या बाईंची बाजू सांगितली. इलियाससाहेब म्हणाले, "हो हो, फेरीचा मोठाच प्रश्न आहे तिकडे." मला जोर आला. मी माशांच्या मांडवांवर आलो. ते म्हणाले, "हो, मांडव. बघण्यासारखे." मी सूर्य न मावळण्याबद्दल बोललो. ते म्हणाले, "आता आम्हाला सवय झाली." सबा दोनदा म्हणाली, "अब्बा, लेट हिम स्पीक." पण मी ऐन भरात होतो. कायदा १८३७चा सांगितला. कोमूनच्या निवडणुका चार वर्षांनी, सप्टेंबरात. तिथे तीन वर्षं राहिलं की परक्या देशाच्या माणसालाही मत देता येतं. सांगून सांगून मी शेवटी वकारला म्हटलं, "एक सांग बाबा, मासे रोज ताजे मिळतात की सुकेच?"

वकारनं चष्मा काढून शर्टाला पुसला. "चाचा, आमच्याकडं समुद्र नाय."

मी हसलो. म्हटलं, ब्यार्नेसला समुद्र नाही?

"एक तळं हाय. बाकी जंगल. समुद्र मोटारीनं चार तास लांब. पलीकडं स्वीडन."

मी फोन काढून दाखवला. लाल घरं, फेरीबोट, माझं नाव. त्यानं अगदी नीट, आदरानं सगळं बघितलं आणि म्हणाला, "चाचा, ह्यो दुसरा ब्यार्नेस. एका नावाची दोन हायत. नेस तळ्याला पण असतं."

आता इथे दुसरा कोणीही गप्प बसला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण इलियाससाहेब हसायला लागले. मामू, असे हसले की शेजारच्या छत्रीखालची माणसं वळून बघायला लागली. मी म्हटलं, साहेब, तुम्ही आत्ता प्रत्येक गोष्टीला हो हो म्हणत होता, सूर्याची सवय झाली म्हणालात. तुम्ही मुलाच्या गावाला कितीदा गेला आहात? तेव्हा हमीदाबाई हळूच म्हणाल्या, "हे एकदाही नाही. यांना ओस्लोच्या बाहेर थंडी वाजते." त्यावर इलियाससाहेबांचं हसू गेलं, आणि ते जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहितो. म्हणाले, "ताहिरभाई, तीस वर्षं तुम्ही परक्याच्या मुलखात काढलीत. इथे तुम्हाला मत नाही, गावच्या यादीतनं तुमचं नाव कधीच गेलं. तुम्हाला स्वतःची ग्रामपंचायत उरली नाही, आणि आम्हाला आमची कोमून शिकवताय?"

मामू, ते खोटं बोलले असते तर मी सोडून दिलं असतं.

मी उभा राहिलो. म्हटलं, तुमच्याकडे मत आहे, पण आपला मुलगा समुद्राकाठी राहतो की जंगलात, हे तुम्हाला ठाऊक नाही. खलास. हा रिश्ता होणार नाही. यल्ला, आतिका. आणि सांदणांचा डबा उचलून मी गाडीकडे चालायला लागलो. वाळूत ताठ चालता येत नाही, तरी चाललो. मागे वळून बघितलं नाही. (घरी येऊन डबा उघडला तर तो आमचा नव्हता. हमीदाबाईंनी आमच्यासाठी नॉर्वेहून आणलेलं चीज त्यात होतं. तपकिरी रंगाचं, दिसायला साबणाची वडी आणि चवीला जळक्या बासुंदीसारखं. ते परत करायचं तर आहे, पण निम्मं संपलंय.)

घराजवळ सिग्नलला थांबलो तेव्हा मी म्हटलं, बेटा, तुझ्या बापाचा अपमान झाला. ती खिडकीबाहेर बघत मराठीत म्हणाली, "झाला, अब्बा. आणि वकारचा पण झाला. त्यानं काय केलं होतं?" ती मराठीत बोलली की मला भीती वाटते. लहानपणी ताप आला की ती मराठीत बोलायची.

तरीही, मामू, मी ठाम आहे. रागानं नाही, विचारानं ठाम आहे. ज्या घराला आपला मुलगा कुठे राहतो ते माहीत नाही, त्या घरात माझी मुलगी कुठे आहे हे कोणाला माहीत असेल? शिवाय मासे खाऊन वाढलेली पोर, समुद्र चार तास लांब. आणि उन्हाळ्यात त्या जंगलात एक प्राणी रस्त्यावर येतो, सांबरासारखा, पण उंटाएवढा उंच, मोटारीला धडकतो. हे मी परवाच वाचलं. अशा ठिकाणी मुलगी देणं कोणत्याही विचारी बापाला पटणार नाही. तेव्हा तुम्ही आता मध्ये पडू नये आणि दुसरं स्थळ बघावं, ही विनंती. शक्यतो असं, ज्याच्या गावाच्या नावाचं दुसरं गाव जगात नसेल.

एक आनंदाची बातमी राहिली. ब्यार्नेसची (माझ्या, उत्तरेकडच्या) सभा मंगळवारी झाली. ठराव मताला टाकला आणि संध्याकाळची फेरी वाचली. हिरव्या स्वेटरच्या बाई बोलताना एकदा हातातला कागद वर करून 'बहरीन' म्हणाल्या. मी आमच्या घरी हॉलमध्ये एकटाच उभा राहिलो. तुम्ही आमच्या तरीसाठी बोलला होतात तेव्हा ठराव फेटाळला गेला होता, आणि तुम्ही घरी येऊन काही न जेवता झोपलात, ते मला आठवतं. म्हणून तुम्हाला हे आधी कळवायचं होतं.

मामींना सलाम, लहानांना दुआ, गुडघ्याला सक्त आराम.

तुमचा आज्ञाधारक, परंतु या बाबतीत ठाम भाचा,
ताहिर

ता. क. वर त्या उंटाएवढ्या प्राण्याविषयी 'परवा वाचलं' असं लिहिलं आहे. तुम्ही सरपंच असल्यामुळे विचाराल, कुठे वाचलं? म्हणून खुलासा करतो. केवळ न्यायाच्या दृष्टीनं मी दुसऱ्या ब्यार्नेसचीही वेबसाइट उघडली होती. तळं मोठं आहे. पूर्वी जंगलातली लाकडं नदीत सोडून खाली गिरणीपर्यंत वाहवत नेत, असा इतिहास आहे. शब्दांची ड्रायव्हर तिथे बाई आहे, घरी गाई आहेत. सूर्य उन्हाळ्यात उशिरा का होईना मावळतो. (हे आतिकाला सांगितलं. ती म्हणाली, "अल्हम्दुलिल्ला," आणि तेवढंच म्हणाली.) तिथल्या एका जुन्या सभेतही मी डोकावलो. म्हाताऱ्यांच्या घराच्या नळाला गढूळ पाणी येत होतं, त्यावर सभासद तावातावानं बोलत होते, आणि उत्तर द्यायला वकार उभा होता. काळा स्वेटर, तोच चष्मा. एका जाड्या सभासदानं टेबलावर हात आपटून विचारलं, पाणी कधी साफ होणार, तारीख सांगा. फोननं वकारच्या उत्तराचं मराठी केलं ते असं: 'आज मला माहीत नाही. उद्या खोदून बघतो, मग सांगतो. तोवर पाणी उकळून द्या, मी स्वतः जाऊन तिथे सांगितलं आहे.' मामू, आमच्या यार्डात इतकी वर्षं झाली, एकाही इंजिनिअरच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे मी ऐकलेलं नाही. बोलताना त्यानं कागदाकडे बघितलं नाही. पाणीही प्यायला नाही.

ता. क. दुसरा. हे बघत असताना सबा चहा घेऊन मागे उभी होती, ते मला कळलं नाही. म्हणाली, "ही सभा मी आधीच बघितलीय, अब्बा. पुढच्या सभेत त्यानं तारीख सांगितली, आणि त्या तारखेला पाणी साफ झालं." म्हणजे तिला पहिल्यापासून खरा ब्यार्नेस माहीत होता! मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगायला गेले तर तुम्ही म्हणालात तू लहान आहेस. आणि नंतर तुम्ही त्या फेरीबोटीत एवढे रमलात, रोज यार्डातून आल्या आल्या हसत फोन उघडायचात, मग मला मोडवेना. मी म्हटलं, तुला तो मुलगा पसंत आहे का? तर म्हणाली, "आहे." मराठीत.

ता. क. तिसरा, आणि पत्रातलं खरं काम हेच. पेवेकर मंडळी आता गावच्या लग्नात तुम्हाला भेटतीलच. वर मी नकाराबद्दल जे काही लिहिलं आहे, ते तुमच्यापर्यंत पोचलंच नाही असं समजा. इलियाससाहेबांना तुम्ही आपल्या मनानं, माझं नाव न घेता सांगा की ताहिर तसा रागीट नाही, त्या दिवशी ऊन फार होतं. मी माफी मागितली असं होता कामा नये. त्यांनी मागितली असं झालं तर उत्तम. ते जमत नसेल तर कोणीच मागितली नाही असं ठेवा. पण रिश्ता सुटता कामा नये. तुम्ही जिल्हा परिषदेशी भांडलेले आहात, तुम्हाला हे अवघड नाही. सगळं तुमच्या हाती सोपवून मी निर्धास्त आहे.

झुबेरमामूंना आतिकाचा सलाम. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलंय, म्हणून दोन ओळी लिहिते. गेल्या रविवारीच माझं हमीदाबाईंशी बोलणं झालं. निकाह ईदनंतर गावाला करायचा ठरला आहे. इलियासभाईंनी त्या दिवशी जे तोंडातून काढलं त्याचं त्यांना फार वाईट वाटतंय, दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. पण फोन करायची त्यांना लाज वाटते, आणि इकडे यांनाही. तेव्हा तुम्ही यांनी सांगितल्याप्रमाणे लग्नात इलियासभाईंना एका बाजूला घ्या, पाचेक मिनिटं काहीही बोला, आणि मग यांना फोन करून सांगा की फार कष्टानं जमवलं. लगेच हो म्हणालात तर यांचा विश्वास बसणार नाही, तेव्हा दोन-तीन दिवस थांबा. मामींना सांगा, लग्नाच्या मेजवानीचा पुलाव त्यांच्याच हातचा हवा.